भोईवाड्यातलं हवेचं मशीन

लग्न होऊन देवगडाकडून मी लालबागला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी गिरणीची नोकरी सोडून भोईवाड्याच्या एका गल्लीत रंगाची शेड घातली होती. लोखंडी पाळणे, ट्रंका, दवाखान्यातल्या खाटा, असलं काहीबाही तिथे रंगायला यायचं. ब्रशने नव्हे, गनने. रंग फवारून. त्यासाठी लागणारी हवा एका मशीनमधून यायची. त्या मशीनला सगळे कंप्रेसर म्हणत. मामंजी मात्र त्याला 'हवेचा मशीन' म्हणत, आणि आमच्या घरात तेच नाव रुळलं.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, त्यांची पाळी बदलत असे. मामंजींना दुपारचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. चाळीतून निघायचं, भारतमाता टॉकीजच्या वळणावरून परळच्या बाजूला वळायचं, आणि गल्लीच्या तोंडाशीच ते मशीन ऐकू यायचं. धडधड नव्हे. एखादं मोठं जनावर रवंथ करत बसलंय असा आवाज. गल्ली दुपारची निजलेली असायची, वरच्या मजल्यांवर साड्या वाळत असायच्या, आणि त्या सगळ्या शांततेच्या खाली तो आवाज पसरलेला असायचा. मला चालता चालताच पेंग येई.

शेडच्या दारातून पश्चिमेचं ऊन आत यायचं. मामंजी रंग फवारत असले की रंगाची धूळ उन्हात तरंगायची. आज निळी, उद्या गुलाबी. ऊनच रंगीत झाल्यासारखं वाटे. पहिल्या दिवशी मी डबा हातात धरून दारातच उभी राहिले, आणि तो निळा प्रकाश पुढे सरकत माझ्या पायांपर्यंत आला.

"थयच ऱ्हव," मामंजी तोंडावरचं ओलं फडकं न काढता म्हणाले. "आत येव नको. ह्या छातीत जाता." मग म्हणाले, "घड्याळात बघ गो. काटो खय आसा?"

टाकीवर एक गोल घड्याळ होतं, आतल्या हवेचा दाब दाखवणारं. त्यावर मामंजींनी स्वतःच्या हाताने एक लाल रेघ ओढली होती. काटा त्या रेघेच्या पुढे जाता कामा नये. मी बघून सांगितलं, "लाल रेघेच्या अलीकडे आसा."

त्यांनी मान डोलावली. मला तेव्हा कळलं नाही, पण काही दिवसांत लक्षात आलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. रंग त्यांना अजून दिसायचा, म्हणजे निदान त्याचा ओला तुकतुकीतपणा दिसायचा. पण काटा दिसत नव्हता. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. डबा पोचवून परत यायच्या ऐवजी मी तिथेच थांबायला लागले.

असं मी त्या मशीनजवळ आले.

मशीन रे रोडच्या जुन्या बाजारातून आणलेलं होतं. खाली लांबोडकी लोखंडी टाकी, तिच्या पाठीवर मोटर आणि हवा दाबणारा पंप, दोघांना जोडणारा पट्टा. पट्टा उघडाच फिरायचा. माझी वेणी तेव्हा कमरेच्या खाली होती. मी थांबायला लागल्यावर चारेक दिवसांतच मामंजींनी खुराड्याला लावतात तसली जाळी आणून पट्ट्यावर बसवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जाळी आसली तरी पदर खोचून घे. आनी मशीन चालू आसताना तेका हात लावूचो नाय. आधी बंद कर, मगे हात लाव."

त्यांचं शिकवणं असंच असे, कामाच्या ओघात, तोंड दुसरीकडे करून. मशीन दाराजवळ का ठेवलंय, तर त्याने बाहेरची चांगली हवा ओढावी, आतली थिनरची नाही. पंपाच्या बाजूला एक काचेचं भिंग होतं, त्यातून तेल दिसायचं. ते अर्ध्याच्या खाली गेलं की भरायचं. पंपापासून टाकीकडे जाणारी नळी तापते, तिला चुकूनही हात लागू द्यायचा नाही. आणि टाकीच्या डोक्यावर एक पितळी सेफ्टी होती. हवा जास्त झाली की ती आपोआप उघडून फुस्स करायची. तिच्या कडीला अधूनमधून ओढून बघायचं, ती जाम तर झाली नाही ना. पहिल्यांदा मी ती कडी ओढली तेव्हा असा काही आवाज झाला की मी किंचाळले, आणि समोरच्या वखारीतला हमाल धावत आला. मामंजी हसले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं.

एकदाच ते माझ्यावर ओरडले. साडीवर लाकडाचा भुसा पडला होता, आणि तो झटकायला मी हवेची गन उचलली. "ठेव खाली!" त्यांनी गन हातातून काढून घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "अंगार हवा मारूची नाय. मस्करीतय नाय. गिरणीत एका पोराची मस्करी केली व्हती. ती हवा कातडीच्या आत जाता."

पण मला त्या सगळ्यात जे आवडायचं ते वेगळंच होतं. काम संपलं की मोटर बंद करून टाकीतली हवा बरीचशी सोडायची, आणि मग खाली वाकून तळाची तोटी उघडायची. त्यातून पाणी यायचं. गढूळ, तांबूस, तेलाचा तवंग असलेलं पाणी. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणीतरी आत ओतलंय.

"ह्या पाणी खयसून इला?"

"हवेतसून. हवा दाबली, की तिच्यातला पाणी सुटता. ता आत ऱ्हवला तर लोखंड खाता."

मी बराच वेळ त्या पाण्याकडे बघत बसले. हवेत पाणी असतं हे शाळेत शिकले होते, पण हे आमच्या गल्लीच्या हवेतलं पाणी होतं. वाळत घातलेल्या साड्यांचं, भाताच्या पेजेचं, समोरच्या वखारीतल्या हमालाच्या घामाचं, आमच्या बोलण्याचंही थोडं. दिवसभर गल्लीने सोडलेला श्वास संध्याकाळी वाटीभर होऊन माझ्या पायाशी यायचा. हे मी कोणालाच कधी बोलले नाही. सुनेने असलं काही बोलायचं नसतं. पण तोटी उघडायचं काम मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

मग ते दिवस आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हायलाच पाहिजे, म्हणून अख्खं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. चाळीच्या जिन्यात भिंतींवर घोषणा लिहिलेल्या, चौकात शाहिरांचे डफ, आज हरताळ, उद्या मोर्चा. यजमान घरी आले तरी त्यांचं मन बाहेरच असायचं. जेवता जेवता कान बाहेर. मामंजी त्यांना एकदाच म्हणाले, "जा. पन पुढे धावा नको." यजमानांनी मान हलवली, आणि तिथेच मला कळलं की ते पुढेच धावणार.

एके दुपारी आम्ही पाळणे रंगवत होतो. गिरणीच्या बाजूने घोषणांचा आवाज येत होता, आधी लांबून, मग जवळून. मोर्चा आमच्या गल्लीवरून जात नव्हता, पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर होता. अचानक घोषणांची लय तुटली. पळणाऱ्या पावलांचा आवाज आला, आणि गल्लीच्या तोंडाशी काहीतरी येऊन आपटलं. पांढरा धूर. डोळ्यांत तिखट घातल्यासारखं झालं.

"मशीन बंद कर!" मामंजी ओरडले. मी चाचपडत बटण दाबलं. आम्ही दारं ओढून घेतली, फडकी भिजवून डोळ्यांवर धरली, आणि जमिनीवर बसून राहिलो. बाहेरून खोकण्याचे आवाज येत होते. कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. मग हळूहळू सगळं ओसरलं. आम्ही तसेच, काही न आवरता, कुलूप लावून घरी आलो.

संध्याकाळी यजमानांच्या साच्यावरचे एक सोबती चाळीत आले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले. "वहिनी, घाबरू नका. त्याला लागलं नाही. रस्त्यावर बसला होता, उठला नाही, म्हणून पोलिसांनी उचलून गाडीत घातला. बरेच जण आहेत बरोबर."

मामंजींनी त्यांना चहा घेऊन जा म्हटलं. मी चहा केला. आम्ही तिघांनी तो प्यायला. कोणी रडलं नाही. आमच्या घरात एकमेकांच्या देखत रडायची रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी म्हणाले, "चल, टाकीतला पाणी काढूक व्हया." म्हणून आम्ही शेडवर गेलो. गल्ली धुतल्यासारखी स्वच्छ होती, जणू काल काही झालंच नव्हतं. मुलं गोट्या खेळत होती. मी टाकीची हवा सोडायला कॉक उघडला, आणि ती हवा तोंडावर येताच डोळे भरून आले. घशाला झोंबलं. काल धूर झाला तेव्हा मशीन चालू होतं. दाराजवळची हवा त्याने ओढून घेतली होती. गल्लीतून धूर कालच निघून गेला होता, पण आमच्या टाकीत तो तसाच्या तसा होता.

मी मागे सरले. मामंजी सरले नाहीत. ते टाकीजवळच उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

"धूर हा गो त्यात," ते म्हणाले.

"होय," मी म्हटलं.

हवा सूं करत बाहेर जात होती. ही त्याच घटकेची हवा होती, ज्या घटकेला पलीकडच्या रस्त्यावर यजमान बसले होते आणि ओरडत होते. मला वाटलं, कॉक बंद करावा. थोडी राहू द्यावी आत. मामंजींनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. "जाऊ दे," ते म्हणाले. "हवा ठेवून काय करतलंव?" ती सगळी जाईपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे राहून मनसोक्त रडलो. धूर होता, त्यामुळे कोणाला काही विचारावं लागलं नाही.

काही आठवड्यांनी यजमान सुटून आले. गालांची हाडं वर आली होती, पण चेहरा असा उजळलेला की लग्नातही तसा नव्हता. आल्या आल्या म्हणाले, "तुरुंगातली डाळ पातळ असते गो," आणि हसत सुटले. पुन्हा गिरणीत जाऊ लागले. सभा होत राहिल्या, मोर्चे निघत राहिले, वर्षं गेली. मी रोज दुपारी भोईवाड्यात, निळ्या-गुलाबी उन्हात, काटा वाचत बसलेली.

आणि एक दिवस ठरलं. मुंबई महाराष्ट्राची. बातमी आली तेव्हा चाळीत कोणी ताट वाजवत होतं, कोणी नुसतंच जिन्यावरून वर-खाली धावत होतं. आमच्या विभागातल्या मंडळींनी मोठी कमान उभारायची ठरवली. पत्र्याची कापलेली अक्षरं, पोराच्या उंचीची, आणि दिव्यांच्या लोखंडी चौकटी. सगळं रंगायला आमच्याकडे आलं. शेडभर अक्षरं पडली होती. 'म' भिंतीला टेकलेला, 'ष्ट्र' आडवा, त्याच्या पोकळीत माझा पाण्याचा तांब्या.

मामंजींना कधी नव्हे ती घाई झाली होती. आणि नेमकं त्याच वेळी मशीन बिघडल्यासारखं करू लागलं. काटा लाल रेघेच्या बराच अलीकडे असतानाच सेफ्टी उघडायची आणि फुस्स करून हवा सोडून द्यायची. उघडली की बरीच हवा निघून जायची, आणि पुढे गनला जोर पुरेना. रंग फुटक्या थेंबांनी पडू लागला.

"स्प्रिंग सैल झाली तिची," मामंजी म्हणाले.

कमानीच्या कामावर लक्ष ठेवणारे दोन कार्यकर्ते दारात उभे होते. त्यातला एक म्हणाला, "काका, तार गुंडाळून टाका ना. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. नंतर बदला."

मला वाटलं मामंजी त्याला झापतील. सेफ्टी कधी जाम होऊ द्यायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण ते खाली वाकले, एक तारेचा तुकडा उचलला, आणि चाचपत चाचपत पितळी सेफ्टीवर घट्ट गुंडाळला. त्यांनी मोटर सुरू केली.

"काटो खय आसा?"

"रेघेच्या खाली."

"आता?"

"अजून खालीच."

पण आवाज खाली नव्हता. इतकी वर्षं त्या आवाजात मी बसले होते, पेंगले होते. टाकी भरत आली की मोटर कशी कण्हते, पट्टा कसा कुरकुरतो, ते मला काट्याकडे न बघताही कळायचं. आता पट्टा कुरकुरत नव्हता, किंचाळत होता. भरून गेलेल्या टाकीचा आवाज. आणि काटा म्हणत होता, अजून जागा आहे.

मी उठले आणि बटण बंद केलं.

एकदम सगळं थांबलं. शांततेत रस्त्यावरच्या बैलगाडीची चाकं ऐकू आली.

"कित्याक बंद केलंस?" मामंजींचा आवाज चढला. परक्या माणसांसमोर मी त्यांचं मशीन बंद केलं होतं.

"मामंजी, काटो खोटा बोलता. टाकी भरली हा."

"आता तू माका शिकवतलंस?"

मी त्या दोघांना म्हटलं, "तुम्ही बाहेर व्हा. टाकीजवळ कोणी थांबू नका. मामंजी, तुमीपण." मग गनची लांब नळी घेऊन मी दाराबाहेर गेले, गन रिकाम्या भिंतीकडे धरली आणि दाबून ठेवली. हवा जोरात सुटली. माझा हात मागे ढकलला जात होता. एका कार्यकर्त्याला मी म्हटलं, "लांबूनच बघा हो, काटा कुठे येतोय."

"उतरतोय," तो म्हणाला. "उतरला... शून्यावर आला, वहिनी."

काटा शून्यावर. म्हणजे टाकी रिकामी. पण माझ्या हातातली हवा थांबली नव्हती. ती तशीच सूं सूं करत भिंतीवर आदळत होती, भिंतीवरचा जुना चुना उडत होता. मामंजींना काटा दिसत नव्हता, पण ऐकू येत होतं.

"काटो खय आसा?" त्यांनी हळूच विचारलं.

"शून्यार," मी म्हटलं.

हवा चालूच होती. किती वेळ, ते आज सांगता येत नाही. एखादं गाणं संपायला लागतो तितका, किंवा जास्तही. ती क्षीण होत होत थांबली तेव्हा मामंजी ओट्यावर बसलेले होते. सेफ्टी बिचारी खरं सांगत होती, इतके दिवस. बिघडलं होतं ते घड्याळ. मग मामंजी उठले, आत गेले, आणि आपणच गुंडाळलेली तार आपल्याच बोटांनी सोडवली. मला मदत करू दिली नाही.

ज्याने तार सुचवली होती तो कार्यकर्ता खाली मान घालून म्हणाला, "मग आता अक्षरांचं कसं?"

"ब्रश," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ब्रशच. यजमान आले, त्यांच्या साच्यावरचे चौघंपाचजण आले, चाळीतल्या बायका आल्या, ते दोन कार्यकर्तेही बाह्या सारून बसले. अक्षरं गल्लीत उन्हात पसरली. पिवळा रंग सगळ्यांच्या कोपरांना, कानांना. कोणी 'हा'वर बसलंय, कोणी 'रा'च्या कान्याला कवटाळून. मामंजी मध्ये खुर्ची टाकून बसले होते, आणि सगळ्यांना ओरडत होते, "रंग एका दिशेन ओढा रे!" माझ्याशी मात्र एक शब्द बोलत नव्हते.

ब्रशचे ओघळ राहिलेच. पण कमान उभी राहिली, तेव्हा इतक्या उंचावर कोणाला दिसणार होते ते? त्या दिवशी आम्ही सगळे तिच्याखालून गेलो. इतकी माणसं, इतका गुलाल, की मला स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. यजमानांनी भर रस्त्यात माझा हात धरला होता आणि मला लाजही वाटली नाही.

सोहळा संपल्यावर मामंजींनी टाकी रे रोडला एका बॉयलरच्या कारागिराकडे नेली. मला म्हणाले, "तूय चल." त्या दुपारनंतर माझ्याशी बोललेलं त्यांचं हेच पहिलं वाक्य. त्या कारागिराने टाकी पाण्याने काठोकाठ भरली, आणि हातपंपाने आत आणखी पाणी दाबू लागला. मी विचारलं, हवा का नाही? तो म्हणाला, "बाई, हवेने फुटली तर आपण तिघं उरणार नाही. पाण्याने फुटली तर फक्त गळेल."

आम्ही वाकून बघत राहिलो. तळाच्या सांध्यावर, जिथे वर्षानुवर्षं आधीच्या मालकांनी पाणी साठू दिलं असेल तिथे, बारीक थेंब उमटले. एकामागून एक. मामंजींनी तिथून बोट फिरवलं आणि ओलं बोट अंगठ्यावर चोळलं.

"घाम इलो तिका," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माका राग इलेलो तुझो. घरी जाऊन झोप नाय लागली. मगे वाटला, तू बटण दाबला नसतंस तर ह्यो राग करूक मी तरी खय ऱ्हवलो असतंय?"

मी पदर नीट केला. "मशीनाचा आवाज तुमीच ऐकूक शिकवलात," मी म्हटलं.

"मी आवाज नाय शिकवलो," ते म्हणाले. "तो तू आपनच ऐकलंस."

ती टाकी तिथेच सोडली. कारागिराने तपासून दिलेली दुसरी टाकी, नवं घड्याळ आणि नवी सेफ्टी हातगाडीवर घालून आम्ही परतलो. गाडीवाला पुढे, मामंजी टाकीवर हात ठेवून एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. दुपारची वेळ होती. रस्त्यावर अजून गुलालाचे डाग होते, दोऱ्यांना फाटकी तोरणं लटकत होती. भोईवाड्यात शिरलो तशी पोरं मागे लागली आणि टाकीवर हाताने ठेका धरू लागली. रिकाम्या लोखंडातून खोल, मऊ आवाज येत होता. आमची ती छोटीशी मिरवणूक निजलेल्या गल्लीतून हळूहळू पुढे सरकत होती. खिडकीतून एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "काय आणलंत हो? काय आहे आत?"

"अजून काय नाय," मामंजी म्हणाले.